वारा, वीज आणि सांभाळणारे हात

‘पवनचक्की’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की, ही चक्की नेमके काय दळते, असा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. द्वारकेकडच्या किनाऱ्यावर, सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर किंवा देवासजवळच्या टेकड्यांवर जे उंच पांढरे स्तंभ दिसतात, त्यांच्या पोटात जाते नाही, खुंटा नाही, पिठाचा कणही नाही. तरीही नाव चक्कीचेच राहिले. डेन्मार्कमध्येही हाच प्रकार आहे. वीज करणाऱ्या या यंत्राला तेथील लोक आजही आपल्या भाषेत ‘वाऱ्याची चक्की’ असेच म्हणतात. शब्द जुनी ओळख सहजासहजी सोडत नाहीत, आणि या शब्दाने धरून ठेवलेल्या ओळखीत काही अर्थ आहे, असे आम्हांस वाटू लागले आहे. तो अर्थ कोणता, हे लेखाच्या अखेरीस येईल.

वाऱ्यापासून वीज करण्याचा इतिहास सांगताना बहुधा यंत्रांची वाढती उंची सांगितली जाते. तो इतिहास खोटा नाही, पण अपुरा आहे. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत असताना या विषयाशी आमचा एकदाच, आणि तोही फारसा अभिमानास्पद नसलेला, संबंध आला. त्या प्रसंगामुळे आम्ही हा इतिहास वाचू लागलो आणि त्यात यंत्रांपेक्षा माणसेच अधिक दिसू लागली.

प्रारंभ स्कॉटलंडमध्ये झाला. १८८७ सालच्या जुलै महिन्यात जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकाने मेरीकर्क या गावी आपल्या सुटीतील घराच्या बागेत कापडी शिडांची एक पवनचक्की उभारली. तिने जनित्र फिरवावे, जनित्राने बॅटऱ्या भराव्यात आणि रात्री त्यांवर घरातील दिवे लागावेत, अशी योजना होती व ती यशस्वी झाली. उरलेली वीज गावाच्या मुख्य रस्त्यावरील दिव्यांसाठी देण्याची तयारी ब्लाइथ यांनी दाखविली. गावकऱ्यांनी ती नाकारली, कारण वीज ही सैतानाची करणी असल्याचा त्यांचा समज होता. यंत्र तयार होते, समाज तयार नव्हता. या इतिहासाच्या पहिल्याच पानावरील ही नोंद आम्हांस महत्त्वाची वाटते.

त्याच हिवाळ्यात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे चार्ल्स ब्रश या उद्योजकाने आपल्या हवेलीमागे १७ मीटर व्यासाचे, देवदाराच्या १४४ पात्यांचे प्रचंड चक्र उभे केले. तळघरात बॅटऱ्या आणि वर घरभर दिवे, असा तो थाट सुमारे वीस वर्षे चालला. पण एवढ्या अवाढव्य चक्रातून मिळणारी शक्ती अवघी १२ किलोवॉट होती. पाती जितकी अधिक तितकी वीज अधिक, हा त्या काळचा समज होता, आणि तो चुकीचा होता.

ही चूक दाखवून देणारा माणूस डेन्मार्कमधील एका खेड्यातील शिक्षक होता. पोल ला कूर हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. तारायंत्राच्या क्षेत्रातही त्यांचे नाव होते. राजधानीतील प्रतिष्ठेचे पद सोडून १८७८ मध्ये ते आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात शिकवू लागले. ही लोकविद्यालये म्हणजे शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी चालविलेल्या निवासी शाळा. त्यांत परीक्षा नव्हत्या. १८९१ मध्ये शासकीय अनुदानातून ला कूर यांनी शाळेच्या आवारात वीज करणारी पवनचक्की उभारली. विजेचे दिवे शहरात लागणार आणि खेडी अंधारात राहणार, मग तरुण खेडे सोडून जाणार, ही त्यांची चिंता होती. खेड्याजवळ कोळसा नाही, धबधबा नाही, पण वारा आहे, हे त्यांनी हेरले.

वारा मात्र लहरी. तो नसेल तेव्हा काय करावे, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. ला कूर यांनी त्यावर विलक्षण तोड काढली. ते विजेने पाण्याचे पृथक्करण करीत, मिळालेला हायड्रोजन टाकीत साठवीत आणि त्या वायूच्या दिव्यांनी शाळा उजळीत. हायड्रोजनमध्ये प्राणवायूचा थोडासा अंश मिसळला की स्फोट होई आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागत. आज जगभर ‘हरित हायड्रोजन’ या नावाने जी चर्चा चालते, तिचे हे आद्य रूप होते.

त्यांनी वाऱ्याचे बोगदे बांधून पात्यांच्या लहान प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि दाखविले की, वीज करावयाची तर संथ फिरणाऱ्या पुष्कळ पात्यांपेक्षा वेगाने फिरणारी मोजकी पाती अधिक उपयोगी. शोध मोठा होताच. पण त्यांचे त्याहून मोठे कार्य आम्ही दुसरेच मानतो. १९०३ मध्ये त्यांनी ग्रामीण विजेसाठी एक संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी खेड्यातील तरुणांसाठी ‘ग्रामीण वीजतंत्री’ घडविणारे वर्ग सुरू केले. गावात यंत्र पोचण्यापूर्वी ते सांभाळणारा मुलगा तयार असावा, असा हा क्रम होता. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांपाशी २० ते ३५ किलोवॉटची पवनयंत्रे होती व देशाच्या विजेपैकी सुमारे तीन टक्के वीज त्यांतून मिळत होती.

येथे थोडे थांबून वाऱ्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. त्यावाचून लहान आणि मोठ्या यंत्रांचा पुढील झगडा उलगडणार नाही. वाहत्या हवेतील शक्ती तीन गोष्टींवर ठरते: हवेची घनता, पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. घनता आपल्या हाती नाही. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते. वेगाची गोष्ट त्याहून निराळी: वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. घराच्या गच्चीवर दोन मीटर व्यासाचे चक्र लावले आणि सेकंदाला सहा मीटर वेगाने वारा वाहत असला, तर त्या वर्तुळातून सुमारे ४०० वॉट शक्ती वाहून जाते. तीही सगळी पकडता येत नाही. सगळी पकडली तर हवा पात्यांमागे जागीच थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाट उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले की, कोणत्याही यंत्रास फार तर ५९.३ टक्के शक्ती घेता येईल. प्रत्यक्षात लहान यंत्राच्या पदरी त्यातील चौथा हिस्सा पडतो, म्हणजे शंभरएक वॉट. त्याच वाऱ्यात १०० मीटर व्यासाचे चक्र असेल तर क्षेत्रफळ अडीच हजार पटींनी वाढते आणि सुमारे चारशे किलोवॉट मिळू शकतात.

शिवाय घरे, झाडे आणि खुद्द जमीन वाऱ्याला अडवितात. मोकळ्या माळावर दहा मीटर उंचीवर वारा पाच मीटर वेगाने वाहत असेल, तर शंभर मीटर उंचीवर तो सातच्या जवळपास असतो. पाच आणि सात यांत फार अंतर दिसत नाही, पण शक्तीच्या हिशेबात ते पावणेतीन पट भरते. म्हणजे मोठे होण्याचा मोह यंत्रकारांस स्वतः वाराच घालतो. परंतु त्या मोहाला निसर्गाने वेसणही घातली आहे. व्यास दुप्पट केला की वीज चौपट मिळते, पण यंत्र त्याच घडणीचे ठेवले तर त्याचे वजन आठपट होते. ते वजन वादळात, दिवसरात्र, कोट्यवधी फेऱ्या पेलावयाचे असते. मोठेपणाची हौस पुढे कित्येकांना महागात पडली, ती या हिशेबामुळे.

मोठ्या यंत्रांकडे वळण्यापूर्वी लहान यंत्रांचे वैभव पाहू. अमेरिकेच्या विस्तीर्ण माळरानांवर १९२० ते १९५० च्या दशकांत लक्षावधी शेतघरे तारांच्या जाळ्यापासून दूर होती. माँटाना प्रांतातील जेकब्स बंधूंनी आपल्या कुरणावरील गरजेपोटी तीन पात्यांचे एक यंत्र तयार केले आणि पुढे मिनियापोलिस येथे कारखाना काढला. एक ते तीन किलोवॉटची ही यंत्रे दिवे, रेडिओ आणि क्वचित शीतपेटीही चालवीत. जनित्र पात्यांना थेट जोडलेले असल्यामुळे मधले दातेरी चक्र झिजण्याचा प्रश्न नव्हता, आणि शेतकरी शिडीने वर चढून स्वतः तेल घालीत असे. १९३६ मध्ये अमेरिकेत ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, तारा शेतापर्यंत पोचल्या आणि विसाएक वर्षांत हा उद्योग मावळला. यंत्रात दोष निघाला म्हणून नव्हे, तर बटण दाबताच मिळणाऱ्या विजेपुढे बॅटरीची निगा कोणास नको झाली म्हणून.

याच काळात अमेरिकेत एक मोठी उडी मारली गेली. पामर पुटनम या अभियंत्याच्या कल्पनेतून व्हरमाँट प्रांतातील एका डोंगरमाथ्यावर १९४१ मध्ये १.२५ मेगावॉटचे, ५३ मीटर व्यासाचे दोन पात्यांचे यंत्र उभे राहिले. त्यापूर्वीचे उल्लेखनीय मोठे यंत्र सोव्हिएत रशियातील बालाक्लाव्हा येथील १९३१ सालचे, तेही १०० किलोवॉटचे. म्हणजे ही उडी एकदम बारापटीहून अधिक होती. १९४३ मध्ये मुख्य बेअरिंग बिघडले. युद्धामुळे नवे मिळण्यास दोन वर्षे गेली. पात्याच्या मुळाशी कमकुवतपणा असल्याचे ठाऊक असूनही यंत्र पुन्हा सुरू करण्यात आले आणि २६ मार्च १९४५ रोजी सुमारे आठ टनांचे एक पाते निखळून दूर फेकले गेले. सगळे मिळून ते यंत्र ११०० तासांच्या आसपास चालले.

डेन्मार्कने उडी मारली नाही, पायऱ्या बांधल्या. ला कूर यांच्या १९०४ च्या वर्गातील एक विद्यार्थी योहानेस यूल हा पुढे वीजकंपनीत अभियंता झाला व निवृत्तीच्या वयाकडे झुकला असता आपल्या गुरूच्या विषयाकडे परतला. आम्हां निवृत्तांस ही गोष्ट विशेष भावते! यूल यांनी १९५० मध्ये एक लहान यंत्र केले, मग एक जुने यंत्र सुधारले आणि १९५७ मध्ये गेसर या गावी २०० किलोवॉटचे, २४ मीटर व्यासाचे, तीन पात्यांचे यंत्र उभारले.

त्यांच्या रचनेचे मर्म साधेपणात होते. आपल्याकडे विहिरीवर पाण्याची मोटर असते. तारांतून वीज दिली की ती ठरावीक वेगाने फिरते. पण बाहेरच्या शक्तीने तिला त्या वेगाहून किंचित अधिक फिरविले, तर तीच मोटर वीज खाण्याऐवजी तारांना वीज देऊ लागते. यूल यांनी अशाच साध्या, मजबूत यंत्राचा जनित्र म्हणून वापर केला. वेग सांभाळण्याचे काम त्यामुळे वीजजाळेच करी. वारा फार वाढला तर पात्यांवरील हवेचा प्रवाह आपोआप फाटून त्यांचा जोर ओसरावा, अशी पात्यांची घडण होती. आणि यंत्र पळत सुटलेच तर पात्यांची टोके वळून ब्रेक लागत असे. हे यंत्र मोठ्या दुरुस्तीशिवाय सुमारे दहा वर्षे चालले. १९६७ मध्ये ते थांबविले गेले, कारण तेल स्वस्त होते आणि वाऱ्याची वीज महाग वाटत होती.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि सगळे चित्र पालटले. श्रीमंत राष्ट्रांनी पुन्हा भव्यतेकडे धाव घेतली. जर्मनीने १९८३ मध्ये १०० मीटर व्यासाचे, तीन मेगावॉटचे ‘ग्रोव्हियान’ उभारले. चक्राच्या मध्यभागातील सांगाड्यास तडे गेले आणि जेमतेम ४२० तास चालून ते १९८७ मध्ये बंद पडले. तिकडे डेन्मार्कमध्ये ख्रिस्तियान रीसागर या सुताराने गेसरच्याच धर्तीवर २२ किलोवॉटचे यंत्र करून १९७६ च्या सुमारास ते तारांना जोडले. कार्ल एरिक यॉर्गेनसेन हा लोहार आणि हेन्रिक स्टिस्डाल हा विशीतला तरुण यांनी मिळून आणखी एक यंत्र बनविले. शेतीची अवजारे करणाऱ्या व्हेस्टास या कंपनीने १९७९ मध्ये त्याचा परवाना घेतला. त्विंड येथील शाळेच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी तर १९७८ मध्ये दोन मेगावॉटचे यंत्र स्वहस्ते उभे केले आणि ते दशकानुदशके चालले. हा अपवाद मोठ्या आकाराचा होता खरा, पण तेथेही बांधणारे आणि सांभाळणारे हात एकच होते.

सुतार-लोहार यशस्वी झाले आणि मोठे कारखाने फसले, असे का व्हावे? विद्वत्ता कमी पडली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डेन्मार्कमध्ये यंत्रमालक शेतकऱ्यांची संघटना होती. एका मासिकातून दरमहा कोणत्या यंत्राने किती वीज दिली आणि कोणत्या यंत्राचे काय मोडले, हे छापले जाई. रीसो येथील चाचणी केंद्राने मान्यता दिल्याशिवाय अनुदान मिळत नसे. मोडलेले लपविले जात नव्हते. त्यावरून पुढचे यंत्र सुधारले जात होते. २२ चे ३०, ३० चे ५५, मग ४५० किलोवॉट अशी प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी होती. १९९१ मध्ये विंडेबी येथे ४५० किलोवॉटची अकरा यंत्रे समुद्रात उभी राहिली. आज १५ मेगावॉटचे, २३६ मीटर व्यासाचे चक्र फिरते, आणि डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. आकार शेवटी मोठाच झाला. पण तो कमवावा लागला.

त्या पायऱ्यांपैकी ५५ किलोवॉटची पायरी आपल्या दारी आली. १९८६ मध्ये ओखा, रत्नागिरी आणि तुतीकोरिन येथे भारतातील पहिली पवनक्षेत्रे उभी राहिली, ती व्हेस्टासच्या ५५ किलोवॉटच्या यंत्रांची. बडोदेकरांस हे सांगताना विशेष आनंद होतो की, ओखामंडळ हा एके काळी आपल्या बडोदे संस्थानाचाच मुलूख, आणि ओखा बंदराची उभारणी श्रीमंत तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीतली. डेन्मार्कमधील एका लोहाराच्या आवारात सुरू झालेली परंपरा अशा रीतीने सयाजीरावांच्या बंदरापाशी पोचली. पुढे तमिळनाडूतील मुप्पंदल, साताऱ्याचे वनकुसवडे, कच्छचा किनारा असा विस्तार झाला आणि २०२५ साली देशाची पवनक्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली.

आता तो आमचा प्रसंग. १९९० च्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील एका तालुक्यात आम्ही सेवेत होतो. तारा न पोचलेल्या एका कोळी वस्तीत एका योजनेतून लहान पवनयंत्र बसविण्यात आले. शाळेच्या खोलीत बॅटऱ्या, चार दिवे आणि एक रेडिओ, एवढाच संसार. नारळ फुटला, भाषणे झाली, फीत कापली गेली. यंत्र बसून वीज सुरू झाल्याचा दाखला आमच्याच सहीने वर गेला आणि तो खोटा नव्हता. दीड-दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या वस्तीत जाणे झाले. पाती झोकात फिरत होती. शाळेतले दिवे मात्र बंद होते.

“काका, पंखा तर चालू आहे, मग दिवे का नाहीत?” आम्ही एका वृद्ध गृहस्थांस विचारले.

“साहेब, पंखा वाऱ्याने फिरतो. पेटीत काय घालायचे ते आम्हांला कोणी सांगितलेच नाही,” ते म्हणाले.

बॅटऱ्यांतील पाणी आटून त्या केव्हाच निकामी झाल्या होत्या. पन्नास-साठ रुपयांचे बॅटरीचे पाणी आणि एका मुलाला दिलेले आठ दिवसांचे शिक्षण एवढ्याने ते यंत्र वाचले असते. आमच्या फाइलमध्ये यंत्राची किंमत होती, खांबाची उंची होती, पायाच्या काँक्रीटचे प्रमाणही होते. ते कोण सांभाळणार, यासाठी रकानाच नव्हता. आणि तो आखावा, असे आम्हांसही सुचले नव्हते. त्या वृद्धाच्या स्वरात तक्रार नव्हती, हे आम्हांस अधिक लागले. दोष कोणाच्या माथी मारण्यासाठी हे सांगत नाही. सही आमची होती.

लहान यंत्रांचे दिवस संपले काय? गावोगावी तारा पोचल्या, छपरांवरील सौर पत्रे स्वस्त झाले आणि त्यांना फिरणारा भाग नसल्याने निगाही थोडी लागते. घराच्या गच्चीवरील चक्राकडून फार अपेक्षा ठेवू नये, हे वरील हिशेबावरून स्पष्टच आहे. तरीही स्कॉटलंडमधील स्कोरेग या, पक्का रस्ता आणि तारा न पोचलेल्या भूशिरावर ह्यू पिगट या गृहस्थांनी लाकडाची पाती, लोहचुंबक आणि तांब्याची वेटोळी यांपासून घरी यंत्र बनविण्याची रीत विकसित केली, पुस्तके लिहिली, वर्ग घेतले. आणि जगातील अनेक देशांत त्या रीतीने यंत्रे बनू लागली. तेथे लहान यंत्र टिकते, कारण बनविणारा तेथेच राहतो. मोठी यंत्रेही काही आपोआप टिकत नाहीत. शंभर मीटर उंचीवर दोर बांधून चढणारे, तेल बदलणारे, बेअरिंगच्या आवाजातील फरक ओळखणारे तंत्रज्ञ रोज राबतात, तेव्हा ती फिरतात. फरक इतकाच की, तेथे त्यांच्यासाठी रकाना असतो.

आता प्रारंभीच्या शब्दाकडे येऊ. आमच्या लहानपणी बडोद्याच्या वाड्यात घरोघर जाते असे. वर्षा-सहा महिन्यांनी टाकी लावणारा दारावर येई. गुळगुळीत झालेल्या तळीवर छिन्नीने बारीक खाचा पाडून तो जाते पुन्हा दळते करी. तो आला नाही तर जाते फिरे खरे, पण पीठ पडत नसे. त्या वस्तीतल्या यंत्राचे नेमके हेच झाले होते. ‘पवनचक्की’ या शब्दात चक्की राहिली, ते बरेच झाले. चक्की म्हटली की तिला टाकी लावणारा हवा, ही आठवण त्या शब्दात शिल्लक आहे. आस्कोव्हच्या त्या शिक्षकाने आधी तो घडविला आणि मग चक्की गावात पाठविली. आम्ही क्रम उलटा धरला, एवढेच आमच्या त्या जुन्या दाखल्यावर नोंदवावयाचे राहून गेले होते.